कोकणातल्या दमट हवेत ३२ फोर्डचा हॉट रॉड कसा बांधायचा आणि रंगवायचा

हॉट रॉडचं छोटं प्लास्टिकचं मॉडेल करायचंय आणि राहता अलिबाग, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा किनाऱ्यालगत, तर सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. जोडकाम वर्षभर कधीही करा, पण बॉडीचा रंग दिवाळीनंतरच, शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी. व्हिडिओत दाखवतात ते बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांचं काम असतं, पंधरा मिनिटांत दुसरा हात मारा, अर्ध्या तासात तिसरा मारा की झालं. आपल्याकडे जुलैत तसं केलं तर काळ्याभोर बॉडीवर डोळ्यादेखत पांढरट साय धरते. म्हणून वर्षाची वाटणी सरळ करून टाका: पावसात कापणं, घासणं, लांबी भरणं, इंजिन बांधणं, आणि थंडीत रंग. असं केलं की घाई होत नाही आणि पावसाळ्यातल्या लाईट गेलेल्या संध्याकाळी पण छान जातात.

आता हॉट रॉड म्हणजे काय ते थोडं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या स्वस्तातल्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, छप्पर कापून खाली आणायची, इंजिनावर जादा कार्बोरेटर चढवायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर नेऊन पळवायची. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली, महायुद्धानंतर सैन्यातून परत आलेल्या तरुणांनी हे वेड जोरात वाढवलं आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक सुरू झाला. या सगळ्यात मान १९३२ च्या फोर्डचा (सालातल्या दोनवरून तिला ते लोक ड्यूस म्हणतात), कारण साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत फोर्डने त्या वर्षी २२१ घनइंचाचं, ६५ हॉर्सपॉवरचं फ्लॅटहेड, म्हणजे सपाट हेडचं, व्ही-८ इंजिन बसवलं. म्हणजे बघा, या गाडीवर जे दिसतं किंवा जे काढून टाकलेलं असतं त्या प्रत्येकाला कारण आहे, मडगार्ड गेली ती वजनासाठी, छप्पर खाली आलं ते वाऱ्यासाठी, मागचे टायर मोठे आणि पुढचे बारीक त्यामुळे गाडी नाक खाली करून उभी राहते. हे डोक्यात असलं की किटमधला कुठला पार्ट लावायचा आणि कुठला डब्यातच ठेवायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

जुन्या धाटणीचा हॉट रॉड करायचा म्हणजे साधारण १९४०-५० च्या काळातला धरा. स्टीलची साधी चाकं, लाल किंवा क्रीम रंगवलेली, मध्ये छोटी गोल हबकॅप, उंच आणि अरुंद टायर, पाहिजे तर रुंद पांढऱ्या पट्ट्याचे. फ्लॅटहेडवर दोन किंवा तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर. पुढे खाली वाकवलेला आडवा अॅक्सल. रंग काळा, मरून, गडद निळा, क्रीम, नाहीतर नुसता मॅट प्रायमर. अशा बॉडीखाली आजकालची मोठी अलॉय आणि पातळ टायर लावले की सगळी मजा जाते. चमकीचे रंग नंतरच्या काळातले, ते दुसऱ्या मॉडेलला ठेवा.

किट रेव्हेलचं १/२५ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं घ्या, त्यांच्याकडे ३२ फोर्डची कूपे (पक्क्या छपराची) आणि रोडस्टर (उघडी) अशी वेगवेगळी किट मिळतात. पहिलंच मॉडेल असेल तर रोडस्टर घ्या, छप्पर आणि काचांची कटकट कमी. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०६ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम पावणेअकरा सेंटीमीटर, तेव्हा अख्खी गाडी तळहातावर मावते आणि रंगाचा एक जाड थेंब पण लगेच नजरेत येतो.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला नेलकटर किंवा छोटा साइड कटर, कटर ब्लेड, बारीक करवत, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, टूथपिक, कपड्यांचे चिमटे. वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि मास्किंग टेप हे तालुक्याच्या गावात गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतं, हॉबीचं दुकान शोधत मुंबईला जायची गरज नाही. फक्त प्लास्टिक जोडायचा पातळ सिमेंट आणि चांगला प्रायमर तेवढा ऑनलाइन मागवा.

किट आलं की सगळ्या फ्रेमा कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल अंगावर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. धुऊन पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. पार्ट कापताना अगदी बॉडीला टेकवून कापू नका, दोन मिलिमीटर दांडी ठेवा, मग ती ब्लेडने पातळ पातळ सोला आणि शेवटी पेपर मारा. मग साच्याची रेघ शोधा, दोन साचे जुळतात तिथे सगळ्या पार्टवर केसासारखी बारीक शीर असते, बॉडीच्या कोपऱ्यांवर, छपराच्या बाजूने, अॅक्सलवर. ब्लेड उभं धरून मागे ओढत खरवडा, सोलायचं नाही. कंटाळवाणं काम आहे पण ही शीर राहिली की रंगानंतर ती दुप्पट उठून दिसते आणि बघणाऱ्याला लगेच खेळणं वाटतं.

कूपे घेतली असेल आणि हात बसला असेल तर छप्पर कापा, हॉट रॉडचा खरा तोंडवळा तिथेच येतो. खऱ्या गाडीतून तीन इंच काढायचे तर आपल्याला तीन मिलिमीटर काढायचे. तीन मिलिमीटरची टेपची पट्टी कापा आणि खिडक्यांच्या खांबांवर सगळीकडून फिरवून चिकटवा, टेपची वरची कड ही एक रेघ, खालची कड दुसरी. करवत टेपच्या आतल्या अंगाने चालवा म्हणजे थोडा माल घासायला राहतो. कापून झाल्यावर वरचा तुकडा खाली ठेवला की कळतं की पुढचे खांब जुळत नाहीत, कारण ते थोडे तिरके आहेत, वर जाताना मागे झुकतात. ते बोटाने हळू वाकवून घ्या, वाकत नसतील तर खांबाच्या पायथ्याशी आतून अर्धी करवत मारा आणि मग वाकवा, नंतर ती फट सिमेंटने भरते. जोड आतल्या बाजूने प्लास्टिकची पातळ पट्टी लावून मजबूत करा, ही पट्टी फ्रेमच्या दांड्यातूनच कापता येते. बाहेरून जी फट राहते ती भरायला त्याच दांड्याचे बारीक तुकडे बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये विरघळवा, एक दिवसात घट्ट लगदा होतो आणि तो सुकल्यावर बॉडीचंच प्लास्टिक होऊन बसतो. एमसील पण चालतं, मोठ्या खड्ड्याला तर तेच बरं, पण ते प्लास्टिकपेक्षा कडक असतं त्यामुळे घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं, म्हणून पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर गुंडाळूनच मारा. भरलेला जोड निदान आठवडाभर तरी सोडा. आत विरलेलं सॉल्व्हंट निघत राहतं आणि जोड खाली बसत जातो, आजच घासून रंगवला तर महिन्याभराने तिथे खळगी दिसणार.

इंजिन हे पावसाळ्यातलं सगळ्यात छान काम. हॉट रॉडला बॉनेटच्या बाजू बहुतेक नसतातच, त्यामुळे इंजिन कायम दिसतं. ब्लॉक लाल किंवा हिरवा, हेड अॅल्युमिनियम रंगाची, मग काळा रंग भरपूर पातळ करून सगळीकडून सोडा, तो खाचांत उतरतो, वरचा कपड्याने टिपून घ्या. प्लगच्या वायरीसाठी फुटलेल्या इअरफोनची वायर सोला, आतली बारीक तार १/२५ ला अगदी बरोबर जाडीची दिसते. फ्लॅटहेडचे प्लग हेडच्या वर उभे असतात, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या पुढच्या तोंडाला. पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडा, वायरच्या टोकाला टूथपिकने फेविक्विकचा ठिपका लावा आणि बसवा. एवढ्या आठ वायरींनी मॉडेलचा जीव बदलतो, मी तर म्हणेन एकवेळ बॉडीवर रंगाच्या ज्वाळा काढू नका पण वायरी लावा.

आता रंग. आपल्याकडे गाडीच्या रंगाच्या दुकानात जो एनसी रंग (नायट्रोसेल्युलोजचा लॅकर) आणि एनसी थिनर मिळतो तो उघड्या पॉलिस्टायरीनवर, म्हणजे किटच्या प्लास्टिकवर, थेट मारायचा नाही, थिनर प्लास्टिक खातो आणि पृष्ठभाग भेगाळतो. मध्ये मॉडेलचा प्रायमर पाहिजेच, टामियाचा फाइन सरफेस प्रायमर किंवा मिस्टर सरफेसर १०००. त्याचे दोन-तीन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं, मग पूर्ण दिवस सोडून १००० चा पेपर पाण्यात बुडवून हलका मारा. राखाडी प्रायमरवर बॅटरीचा उजेड आडवा टाकला की राहिलेले सगळे ओरखडे, खळग्या, साच्याच्या शिरा समोर येतात. परत लांबी, परत घासणं, परत प्रायमर. इथे जेवढा वेळ द्याल तेवढा शेवटी पॉलिशला वाचतो. आणखी एक नियम पक्का लक्षात ठेवा, लॅकरवर ऑइल पेंट चालतो पण ऑइल पेंटवर लॅकर मारायचा नाही, खालचा थर सुरकुततो. घराच्या दाराखिडक्यांचा उरलेला डबा म्हणूनच बॉडीला वापरू नका, तो आपल्या हवेत आठवडे आठवडे चिकट राहतो.

रंगाचा दिवस असा निवडा. थंडीत पहाटे दव असतं, ते साधारण साडेनऊ-दहापर्यंत उडतं. तोवर जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, तो कोरडा. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो आणि खारा वारा सुरू होतो, मग हवेत ओल परत चढते. म्हणजे आपल्याला मिळतात ते मधले दीड-दोन तास. स्वस्तातला ह्युमिडिटी मीटर मिळतो तो घेऊन पडवीत टांगा, आकडा ६५ च्या खाली असला तर खुशाल मारा, ७५ च्या वर असला तर ग्लॉस रंग बाहेर काढूच नका. पडवीत आदल्या दिवशी पाणी मारून लाल माती बसवून घ्या, पण त्याच सकाळी नको, नाहीतर ओल आपणच केली असं होईल. तोंडाला फिल्टरवाला मास्क, वारा पाठीमागून, आणि चूल किंवा गॅस जवळपास पेटलेला नको.

बॉडी एका रिकाम्या बाटलीवर उलटा टेप गुंडाळून बसवा म्हणजे हाताने धरून फिरवता येते. स्प्रेचा कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतपतच, चुलीवर किंवा उन्हात अजिबात नाही. मग चांगला हलवा. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. बटण दाबायचं ते बॉडीच्या बाहेर आणि सोडायचं तेही पलीकडे बाहेर गेल्यावर, बॉडीवर थांबायचं नाही. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे, तो फक्त पुढच्या रंगाला धरायला. आधी खाचा, दाराच्या फटी, खिडक्यांच्या कडा, मग सपाट भाग. वीस मिनिटांनी दुसरा हात, त्याने रंग भरतो. तिसरा ओलसर, म्हणजे पृष्ठभाग ओला चमकलेला दिसेल पण ओघळ सुटणार नाही इतका. झालं की लगेच मोठा प्लास्टिकचा डबा उलटा घालून झाका, बुडाला काडी लावून थोडी फट ठेवा, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात वाळवायला ठेवू नका, बंद डब्यात ऊन शिरलं की पातळ प्लास्टिक वाकतं.

आणि तरीही साय धरली तर? रंगातलं सॉल्व्हंट झटकन उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, त्या गार पृष्ठभागावर हवेतली ओल बसते आणि रंगात अडकते, म्हणून ते पांढरं दिसतं. घाबरून लगेच घासायला बसू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि मग हळू उडणारं थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, त्याचा एअरब्रशने अगदी हलका फवारा मारा. वरचा थर परत सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि काळा पुन्हा काळा होतो. पावसातच संपवायचं असेल तर मॅट फिनिश धरा, वॉटर बेस अॅक्रिलिक ब्रशने पातळ थरांत लावा, प्रायमर रंगाची रॅट रॉड, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली हॉट रॉड, तशीही फार देखणी दिसते.

एअरब्रश नसेल तर एक गोष्ट करून बघा. गावातल्या गणपतीच्या शाळेत आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्रेसर असतो, आणि चतुर्थी होऊन गेली की तिथली माणसं मोकळी असतात. दादा, जरा कॉम्प्रेसर चालवायला द्याल का, असं सरळ विचारा, रंगात रमणारा माणूस नाही म्हणत नाही. फक्त आपल्या हवेत कॉम्प्रेसरच्या पाइपातून पाणी येतं, तेव्हा मध्ये पाणी धरणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच, नाहीतर रंगावर थेंब थुंकतो.

त्याच शाळेत पिनस्ट्रायपिंगचे, म्हणजे गाडीवर सजावटीच्या बारीक रेघा ओढायचे, गुरू पण भेटतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात नीट बघा. करंगळी टेकलेली, श्वास धरलेला, ब्रश बोटांनी नाही तर अख्ख्या मनगटाने ओढलेला, आणि रेघ एका दमात पूर्ण. हॉट रॉडवरची बारीक रेघ अगदी तशीच ओढायची असते. लांब केसांचा अगदी बारीक ब्रश, रंग थोडा पातळ, आणि ब्रश फिरवण्यापेक्षा गाडी फिरवायची. आधी जुन्या काचेवर सराव करा, पुसून परत ओढता येतं. बॉडीवर ऑइल बेस रंगाने रेघ ओढली तर चुकलेली रेघ ओली असतानाच टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते, खालच्या वाळलेल्या लॅकरला काही होत नाही. ज्या केनेथ हॉवर्डला व्हॉन डच म्हणून सगळं जग ओळखतं, त्याने १९५० च्या दशकात या रेघांना गाड्यांवर पुन्हा मानाची जागा मिळवून दिली.

ज्वाळा काढायच्या असतील तर बटर पेपरवर एका बाजूचं चित्र काढा, पेपर उलटा करून दुसऱ्या बाजूला तेच उतरवा म्हणजे दोन्ही कुशी सारख्या येतात. बॉडीवर टेप लावा, चित्र उतरवा, नव्या ब्लेडने फक्त टेप कापली जाईल इतक्याच दाबाने कापा आणि ज्वाळेचा भाग सोलून काढा. मग टेपच्या कडांवर आधी बॉडीचाच काळा हलका फवारा, तो कडेच्या फटी बुजवतो आणि पुढचा रंग आत झिरपत नाही. त्यावर पांढरा, मग सगळीकडे पिवळा, मध्यापासून मागे नारिंगी, आणि टोकांना लाल. शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच मागे दुमडत ओढा. कडेला जी बारीक पायरी राहते तिच्यावर पिनस्ट्राइपची फिकट निळी रेघ ओढली की सगळं झाकतं.

क्लिअर कोट लॅकरचाच मारा, पण ऑइल रंगाच्या रेघा ओढायच्या असतील तर क्लिअर आणि पॉलिश आधी आणि रेघा शेवटी, कारण ऑइलवर लॅकर चालत नाही. गाड्यांवर मारतात ते दोन भागांचं टू-के क्लिअर सुंदर चमकतं पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे, घरात पोरंबाळं असताना ते नकोच. दोन आठवडे सोडा, मग २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात, नंतर रबिंग कंपाउंड मऊ बनियनच्या कपड्याने. कडा, दारांच्या रेषा, बॉडीची उठावाची रेघ इथे पेपर लावूच नका, तिथे रंग पातळ असतो आणि एका घासण्यात खालचा राखाडी वर येतो.

क्रोमचे पार्ट चिकटवायच्या आधी जोडाच्या जागेवरचं क्रोम खरवडा, सिमेंट क्रोमवर धरत नाही. एखादा पार्ट क्रोमचा नको असेल तर घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, क्रोम निघून जातं. काचांना फेविक्विक लावायचं नाही, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते, साधा फेविकॉल लावा, तो वाळून पारदर्शक होतो. छप्पर कापलं असेल तर किटच्या काचा बसणार नाहीत, शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक कापून घाला. टायरच्या रबरावर थोडा ४०० चा पेपर फिरवा, नवीनपणाची चकाकी जाते आणि गाडी चाललेली वाटते. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून बॉडीवर उतरवायची चित्रं, असतील तर विहिरीचं पाणी नको, त्यात क्षार असतात आणि वाळल्यावर कडेला पांढरे डाग राहतात, फिल्टरचं पाणी घ्या.

ठेवण्याबद्दल शेवटचं. किटमध्ये लोखंडी अॅक्सल असेल तर बसवायच्या आधीच त्याच्यावर क्लिअरचा हात मारा, आपल्या खाऱ्या हवेत उघडा अॅक्सल एका पावसाळ्यात गंजतो आणि तांबूस पाणी चाकावर उतरतं. काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा, आत सिलिका जेल, आणि त्या पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाका, नाहीतर श्रावणापर्यंत डेकलवर बुरशी दिसते. सुकलेल्या तळ्याचा देखावा करायचा असेल आणि किनाऱ्यावरची वाळू वापरायची असेल तर ती गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, तव्यावर भाजून कोरडी करा आणि मगच फेविकॉलवर पसरा, कारण वाळूत राहिलेलं मीठ पेटीतली ओल ओढून घेतं आणि टायर कायम दमट राहतात.